पिंडावरची माशी

मंगळवार, २ डिसेंबर

आज लाज वाटावी असं वागलो. मालिनीला सांगितलेलं नाही, म्हणून इथे.

सकाळी गोदाघाटावर गेलो. माश्यांसाठीच, दुसरं काय! एका पिंडावर तांदळाच्या कणीएवढी राखाडी माशी. आजवर न पाहिलेली. पायरीच्या आडोशाला पालथा पडलो आणि कॅमेरा पुढे सरकवला. वरून फोटो मिळाला, पण तेवढ्यावर कोणी नाव देत नाही. बाजूने हवा, तोंड हवं, पंखाच्या शिरा हव्यात, पाठीवरचे केस हवेत. ती उडायची, पुन्हा तिथेच बसायची. मी आपला — अजून एक, अजून एक.

दहाव्याची माणसं लांब उभी होती. कावळा शिवत नव्हता. सगळं ऐकू येत होतं. मुलगा हात जोडून म्हणत होता, आई, वर्षश्राद्ध नीट करतो, तुझी गाय विकत नाही. कावळा नाही. मग कोणीतरी म्हणालं, म्हातारीचा जीव लेकीत अडकलाय. मुलगा म्हणाला, शुभांगीला कळवणला सासरी पोचवतो. तरी नाही! ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले.

माझी माशी उडाली ती आलीच नाही. मी उठलो. तेवढ्यात बायकांमधून ती मुलगी पुढे आली आणि मोठ्याने म्हणाली, "आई, मी सासरी जाणार नाय. तुझा मळा मीच बघीन."

आणि कावळा आला. थेट पिंडावर!

सगळ्यांनी हात जोडले. भाऊ रडला. मीही हात जोडले — कॅमेरा गळ्यात तसाच. नंतर गुरुजी म्हणाले, गोजराबाई म्हणून होत्या, मखमलाबादच्या पुढे फुलांचा मळा आहे. जावई हात उचलतो म्हणून पोरगी परत आलेली. भाऊ ठेवून घ्यायला तयार नव्हता. आता बोलायला जागाच उरली नाही त्याला.

आमच्या अण्णांनी जन्मभर याच घाटावर ही कर्मं केली. पिंड ठेवला की मागे व्हायचं, हे मला बाराखडीच्या आधी ठाऊक! आणि मी तिथे पोटावर पडून फोटो काढतो. दुसऱ्याच्या आईच्या पिंडावर!

बुधवार, ३ डिसेंबर

फोटो कीटक ओळखणाऱ्यांच्या संकेतस्थळावर चढवले. माशीचं नावही टाकलं. फार छान आलेत, हे लिहिताना लाज वाटते, पण आलेत.

गुरुवार, ४ डिसेंबर

तिथे बंगळूरच्या एका बाईंचं उत्तर आलं. बारक्या माश्यांचा त्यांचा अभ्यास मोठा. या गटातल्या कित्येक जाती बाहेरून एकसारख्या, नर पकडून सूक्ष्मदर्शकाखाली उकलून पाहिल्याशिवाय कळत नाही म्हणे. फोटोवरून कुळ सांगता येईल, पुढचं नाही. शेवटी विचारलंय — हे नाव तुम्ही कशावरून टाकलंत?

काय सांगू! पुस्तकातल्या चित्रासारखी दिसली म्हणून! नाव काढून टाकलं. आणि आजवर कॉलनीच्या ग्रुपवर छाती काढून सांगितलेली ती सगळी नावं? मालिनी हसली. "बँकेत माश्या मारल्यात, आता त्यांची बारशी करताय." एरवी मीही हसलो असतो.

शुक्रवार, ५ डिसेंबर

मालिनी मोठ्या पडद्यावर फोटो बघत होती. म्हणाली, मागे हा कावळा का आहे?

मी पाहिलाच नव्हता. माशीच्या मागे, धूसर, भिंतीवर काळा ठिपका. जवळजवळ प्रत्येक फोटोत. एका फोटोत खालच्या पायरीपर्यंत उतरलेला, पुढच्यात परत भिंतीवर. तो माझ्या उठण्याची वाट बघत होता! माझ्यामुळे ती माणसं उन्हात तिष्ठली, मेलेल्या बाईची विनवणी करत राहिली. आणि मी उठलो म्हणून तो आला. आईबिई काही नाही.

मालिनीला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "आता गप्प बसा. त्या पोरीचं भलं झालंय ना?"

रविवार, ७ डिसेंबर

कॅमेरा कपाटात टाकला. जेवण जात नाही. त्या भावाला मी फसवलं असंच वाटतं. आईचा शब्द म्हणून त्याने मान खाली घातली, आणि तो होता माझा पराक्रम. माशीचं खोटं नाव काढून टाकता येतं, मग हे का नाही?

मंगळवार, ९ डिसेंबर

गेलो. सांगून आलो!

भाऊ — ललित — झेंडूचे क्रेट भरत होता. माफी मागितली, मोबाइलवर फोटो दाखवला. त्याने दोन बोटांनी कावळा मोठा करून पाहिला. मग म्हणाला, "म्हंजी, आई नाय बोलली ते."

मी म्हणालो, नाही. ते माझ्यामुळे झालं.

त्याने चहा पाजला, वर पिशवीभर झेंडू दिला. शुभांगी पलीकडच्या सरीत फुलं तोडत होती. उभी राहून आमच्याकडे बघत होती, पण आली नाही. येताना किती हलकं वाटलं! मालिनीसमोर झेंडू ठेवला. तिने पिशवीला हात लावला नाही. "कशाला गेलात?" एवढंच.

शुक्रवार, १२ डिसेंबर

मालिनी धड बोलत नाही. अतिच करते. खरं ते खरं.

सोमवार, १५ डिसेंबर

शुभांगीचा फोन. कळवणहून. नंबर गुरुजींकडून घेतला म्हणाली. ललित परवा तिला सासरी सोडून आला.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सावकाश बोलत होती, आतल्या कोणाला ऐकू जाऊ नये तशी. "काका, तुम्ही पालथे पडलेले मला पहिल्यापासून दिसत होते. कावळा पण दिसत होता. तुम्ही उठायचीच वाट बघत होते मी. उठलात, तवा बोलले."