मोहाच्या दारूचा साबण

सिल्वासा, गुरुवार, फेब्रुवारी १९६५

फार दमलोय, जेवणही अजून झालेलं नाही. साबणाचे उरलेले तुकडे किसून पारदर्शक वडी करायची होती. त्याला स्पिरिट लागतं. ते मिळालं नाही, म्हणून काल पहिल्या धारेची मोहाची बाटली आणली. तिच्यात कीस विरघळवला, साखरेचा पाक घातला. वडी खरंच जमली. पलीकडचं बोट दिसतं.

पण आज बायकोला, सुमतीला, तांदळाच्या डब्यामागे अर्धी बाटली सापडली. मी ती लपवली तरी का? शाळेत शिकवून आलो तर तिने बाटली पुढ्यात ठेवली. मग वडी दाखवली.

"साबण दिसतोय आरपार. माणसाचं काय?" ती म्हणाली. "थेंबभरही घेतली नाहीत ना?"

'नाही' म्हणून सुटलो असतो. पण दारूत पाणी असलं तर वडी गढूळ होते, म्हणून चमचाभर चाखली होती. तसं सांगितलं. चमचाभरच! पण खोटं कसं बोलायचं?

तिने वडी माझ्या हातात परत ठेवली. "आधी अंघोळ करा, मगच स्वयंपाकघरात या."

केली, त्याच साबणाने. आता अंगभर मोहाचा वास येतोय. आत जाऊ कसा?