गप्प झालेली दाढ

परळ, ता. ९ डिसेंबर १९५६

सौ. शेवंतीस आशीर्वाद. मी बरा आहे, जेवतो नीट.

आपल्या खोलीतला गुणाजी गेला. महिनाभर किडलेली दाढ ठणकत होती, तरी लवंग दाबून गिरणीत जायचा. एका सकाळी हसत म्हणाला, "धाकू, गप झाली रे! मेली वाटतं." त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात घोषणाही दिल्या. तिसऱ्या दिवशी जबड्याखाली मान लाकडासारखी सुजली, आवाज गेला, श्वास कोंडला. डॉक्टर म्हणाले, "दाढ मेली, पण विष गळ्यात उतरलं."

माझीही गप्प झाली होती. भ्यालो, काल उपटून घेतली. काळजी नको.

आपल्या लेकीची, कुसुमची दाढ आपोआप दुखायची थांबली, असं तू आनंदाने लिहिलंस. पत्र मिळताच तिच्या जबड्याखाली हात लावून बघ, आणि तशीच मालवणला डॉक्टरकडे ने.

तुझा,
धाकू