संध्याकाळी सहाला नेट मंद

३ मार्च, सोमवार

ठरलं एकदाचं! एकतीस तारखेला आपलं नेट बंद.

मोठ्या कंपनीचा टायवाला येऊन गेला. खुर्चीच्या टोकावर बसला, चहा अर्धा तसाच ठेवला आणि म्हणाला, "काकू, तुमची घरं आता आम्ही सांभाळू." जशी काही मांजराची पिल्लंच! आम्ही ज्यांच्याकडून मोठी लाइन घेऊन घराघरात वाटत होतो, ते दुकानच या कंपनीने विकत घेतलं. लाइन एकतीसला कापणार. विचारायला नव्हताच आला, नुसता सांगायला आला होता.

हे तोंडातून शब्द काढतील तर शपथ. टायवाल्याच्या तोंडाकडे बघत बसले आणि शेवटी म्हणाले, "बरं." एवढ्या वर्षांच्या धंद्याला एक "बरं"! मी आत जाऊन रडून घेतलं. कुणीतरी रडायला नको?

४ मार्च

आजच्या पेपरात भलामोठा तक्ता. देशातल्या सगळ्या नेट कंपन्या — कुणाचा वेग किती, महिन्याचे पैसे किती, घरचं नेट वेगळं, मोबाईलचं वेगळं. मी चष्मा लावून आपलं नाव शोधलं. आपलं कुठलं नाव म्हणा, लोकच "गच्चीनेट" म्हणतात, वायरी गच्च्यांवरून जातात म्हणून. नाही सापडलं. अगदी तळाला एक ओळ होती, "इतर".

ह्यांच्या पुढ्यात ठेवला. वाचला, आणि हसले! किती दिवसांनी! म्हणाले, "इतरांत पहिले आपणच असू."

तेवढंच.

६ मार्च, गुरुवार

मला भीती वाटते. इथे लिहायला काय हरकत आहे — मला वाटतं नेटबरोबर हेही बंद पडतील. आधीच बोलणं कमी झालेलं. मुलाचा फोन आला की म्हणतात, "आईशी बोल." मी काही विचारलं तर चार वेळा विचारावं लागतं, पालथ्या घड्यावर पाणी. पूर्वी असे नव्हते हो! गच्चीवरून ओरडून गप्पा मारणारा माणूस. एकतीसनंतर गच्चीपण नाही, गिऱ्हाईकपण नाही. मग घरात मी आणि एक पुतळा.

७ मार्च

आज माळ्यावरून सुरुवातीचं यंत्र काढलं. टेलिफोनच्या तारेवर चालायचं ते. जोडायला लागलं की नुसती कर्रर्र, टीं टीं, खर्रर्र! सगळं घर जागं करायचं. हे त्याला कान लावून बसायचे आणि नुसत्या आवाजावरून सांगायचे — "लागणार." किंवा, "नाही लागत, बंद कर." कधी चुकले नाहीत. मुलाला खेळवताना त्या यंत्राची हुबेहूब नक्कल करायचे, मुलगा लोळून लोळून हसायचा.

आणि ते फोटो! तेव्हा सगळ्या गल्लीत नेट फक्त आमच्या बाहेरच्या खोलीत. शेजारच्या आजींच्या नातवाचा फोटो परदेशातून आला होता. आधी कपाळ दिसलं. मग थांबलं. आजी म्हणाल्या, "कपाळ आजोबांचंच आहे." मग भुवया आल्या. मी चहा टाकला. डोळे आले तेव्हा आजी रडायला लागल्या. हनुवटी येईपर्यंत सगळ्यांचा चहा पिऊन झाला होता! आता टिचकी मारली की शंभर फोटो. बघतं कोण?

यंत्र पुसून ह्यांच्यापुढे ठेवलं. कितीतरी वेळ हात फिरवत बसले. मी म्हटलं, "करा की ती नक्कल." माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि गच्चीवर गेले.

१० मार्च, सोमवार

ज्यांनी आधीच दुसरं नेट घेतलं त्यांच्या वायरी उतरवायला सुरुवात. मी खाली गुंडाळायला, हे वर सोडायला.

प्रत्येक वायरीला चिंधी. ही ह्यांचीच युक्ती. सगळ्या वायरी काळ्या, कुठली कुणाची कसं कळणार? तिसऱ्या गल्लीतल्या शिंपीणबाईंकडून कापडाचे तुकडे आणायचे आणि ज्या घरचे कपडे त्यांनी शिवले असतील त्याच कापडाची चिंधी त्या घरच्या वायरीला बांधायची. त्यामुळे अर्धी गल्ली आज माझ्या मांडीवर! ही समोरच्या वहिनींच्या फुलाफुलांच्या झग्याची. हा डॉक्टरांचा पडदा. आणि हा आमच्या मुलाचा शाळेचा शर्ट, ऊन खाऊन पांढरा पडलेला. तो घेऊन नाकाला लावला. धुळीचा वास. तरी लावला.

तिसऱ्या गल्लीची वायर काही सोडेनात. "ती राहू दे," म्हणाले. मी खालून "का?" म्हणून ओरडले, तर हे पुढच्या वायरीला लागलेसुद्धा.

१३ मार्च

फोन वाजून वाजून नाकात दम आला. सगळ्यांना एकच विचारायचंय — आता कुणाचं घ्यायचं? मी काय सांगू! तक्ता समोर ठेवून सांगते. अमुक कंपनी स्वस्त, पण पहिले सहाच महिने, नंतर दीडपट. तमुक म्हणते वेग तीनशे, मिळतो नव्वद. मोबाईलचं नेट गच्चीवर धावतं, न्हाणीघरात मरतं. हसून सगळ्यांना सांगते आहे. आपल्या सवतीची पत्रिका आपणच जुळवून द्यायची म्हणतात ती ही!

फक्त हेडसर काही विचारत नाहीत. ते रोजच्यासारखे सव्वासहाला भांडतात. "बाई! संध्याकाळी सहाला तुमचं नेट मंद का होतं? पाच वर्षं विचारतोय!" मी पाच वर्षं तेच सांगते — सगळे एकदम बसतात ना सर, गर्दी होते. हे मला ह्यांनीच शिकवलेलं उत्तर.

तक्रारींचा फोन माझ्याकडे कसा आला ते आठवलं. आधी हेच घ्यायचे. एक दिवस मोबाईल माझ्या हातात ठेवला. "फोन आता तू घे. तुझा आवाज गोड आहे, चिडलेला माणूस निम्मा तिथेच गार होतो." लग्नाला तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती! पंचवीस वर्षांत असं काही बोलले नव्हते. मी पुढे आठवडाभर हवेत. अजूनही हेडसर ओरडायला लागले की मनात म्हणते, ओरडा, माझा आवाज गोड आहे.

१९ मार्च, बुधवार

आज एक गोष्ट डोक्यात शिरली ती जाईना.

पावणेसहाला ह्यांनी दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. कुठे? "तिसऱ्या गल्लीत. वायर बघून येतो." वायर बघायला इस्त्रीचा शर्ट! परत आले ते सात वाजून गेल्यावर, आणि चेहरा कसा फुललेला. गेल्या बुधवारीही असेच गेले होते. त्याच्या आधीच्याही. आणि तिसऱ्या गल्लीत आता आपलं एकच घर उरलंय — शिंपीणबाईंचं. बाईंचे यजमान जाऊन पुष्कळ वर्षं झाली. बाई दिसायला अजून नीटस.

छे! काहीतरीच. साठी उलटलेला माणूस. पण दाढी का?

२० मार्च

आज दिवसभर माझ्या तोंडाकडे टक लावून बघतात. मी बोलायला लागले की हातातलं काम ठेवून बघतात. गेली काही वर्षं ही सवयच लागली आहे. कधीकधी मी लाजते सुद्धा. आज मात्र चिडले — "काय बघताय? कानात बोळे घातलेत का? भाजी आणा म्हटलं!" गेले आणि साबण घेऊन आले.

मन थाऱ्यावर नाही माणसाचं. कुठे आहे मग?

२४ मार्च, सोमवार

गेले! मीच सरळ शिंपीणबाईंच्या घरी गेले. निमित्त आपलं, नेट बंद होतंय हे सांगायचं. वेळ मुद्दाम सहाची.

बाईंना जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. दुकानात आपण कापड दाखवायचं, त्या बोटांनी माप सांगायच्या, झालं काम. मी त्यांच्याशी याहून जास्त कधी बोललेच नव्हते. दार त्यांच्या मुलीने उघडलं, दवाखान्यात नर्स आहे ती. म्हणाली, "या काकू, पण आई आत्ता अर्धा तास कुणाची नाही!"

शिवणयंत्राच्या बाजूला टेबलावर स्क्रीन. स्क्रीनवर दुसरी बाई, तोंडावळा थेट असाच. धाकटी बहीण. तीही जन्मापासून तशीच. शहर निराळं, वर्षातून एकदा भेट. आणि दोघी बोलत होत्या! हातांनी, बोटांनी, भुवयांनी, गालांनी सुद्धा. धाकटी काहीतरी सांगत होती आणि थोरली हसता हसता टेबलावर हात आपटत होती. खोलीत आवाज फक्त त्या टेबलाचा.

मुलगी म्हणाली, "आपण बोलताना चित्र अडकलं तरी आवाज येतो. यांचं चित्र अडकलं की शब्दच तुटतो. आधी फार अडकायचं. मावशी रडायची. मग आईने काकांना इथे बसवून दाखवलं — हे बघा, बोटं पुसली जातात. तेव्हापासून सहा ते साडेसहा काका सगळ्या घरांचं थोडंथोडं नेट कापतात आणि आमच्याकडे सोडतात. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

माहीत! पाच वर्षं हेडसरांच्या शिव्या खाल्ल्या ते मी! गर्दी होते म्हणे! मला इतका राग आला, आणि त्याच वेळी रडूही आलं. बाईंनी वळून मला पाहिलं. माझा हात धरून स्क्रीनपुढे ओढलं, बहिणीला बोटांनी काहीतरी सांगितलं. धाकटीने मला दोन्ही हात जोडले.

मी कुठल्या संशयाने आले होते! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आणि बुधवारचं काय?" मी निघताना विचारलंच. मुलगी घुटमळली. म्हणाली, "बुधवारी काका आईकडे बसतात थोडा वेळ. ते तुम्ही त्यांनाच विचारा."

२५ मार्च

विचारलं. "बुधवारी काय असतं?" तर म्हणाले, "भाजी कोबीची आण."

पण संशय गेलाय. एवढं दुसऱ्यासाठी करणारा माणूस लबाड नसतो. म्हणजे लबाड आहेच, पण तसला नाही. भीती मात्र होती तशीच आहे. उलट वाढली. एवढं मोठं काम पाच वर्षं केलं आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही! काय काय असेल ह्यांच्या आत?

२८ मार्च, शुक्रवार

तिसऱ्या गल्लीत नवी लाइन अजून आलेली नाही. टायवाला म्हणतो, "होईल, पुढच्या महिन्यात." आज हे स्वतः त्याच्या ऑफिसात गेले, मला बरोबर घेऊन. "तू बोल," म्हणाले. मी बोलले! म्हटलं, "तुमच्या तक्त्यात वेग तीनशे लिहिलाय ना? मग तीनशेतला जेमतेम एक त्या घरी आधी द्या. एकतीसच्या आत. नाहीतर दोन बहिणींचं बोलणं बंद पडेल. नुसतं नेट नाही, बोलणं!" टायवाल्याने पेन खाली ठेवलं. पहिल्यांदाच चहा मागवला.

हे माझ्या ओठांकडे बघत होते आणि मान डोलवत होते.

३० मार्च

आली! शिंपीणबाईंकडे नवी लाइन आली. आमच्याकडेही बसवून गेले. ह्यांनी खोक्यापाशी उभं राहून वेग मोजला आणि म्हणाले, "छान आहे." खरंच छान आहे, नाकारून चालणार नाही. अर्ध्या पैशात दसपट वेग. आपल्याला कधी जमलं नसतं.

३१ मार्च, सोमवार

बंद.

सहाला हेडसरांचा फोन. मी म्हटलं, "सर, आता तक्रार नव्या कंपनीकडे." सरांनी आज आवाज चढवला नाही. मग म्हणाले, "आज वेग चांगला आहे, बाई. म्हणून चुकल्यासारखं वाटतंय." आम्ही दोघं फोनवर रडलो. पाच वर्षं भांडलेली माणसं!

ह्यांनी शेवटची वायर उतरवली. बाईंची चिंधी लाल होती, ती खिशात टाकली. जेवताना एक शब्द नाही. मी समोर बसून नुसती वाट बघत राहिले.

२ एप्रिल, बुधवार

साडेसहाला, बहिणीशी बोलून झाल्यावर, शिंपीणबाईंचा व्हिडिओ कॉल. ह्यांनी मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवला, दोन्ही हात वर घेतले आणि बोलायला लागले. बोटांनी! भराभरा! बाई हसत होत्या. एवढं बोलताना ह्यांना मी किती वर्षांत पाहिलं नव्हतं. मी दारात तशीच उभी. बाईंची मुलगी स्क्रीनवरून म्हणाली, "काकू, दर बुधवारी काका हेच शिकतात. उजवा कान केव्हाच गेलाय, डावाही जवळजवळ गेला. धंदा असेपर्यंत तुम्हाला सांगायचं नव्हतं त्यांना."

फोन आता तू घे. तुझा आवाज गोड आहे.

मी ह्यांच्यासमोर जाऊन बसले, ओठ नीट दिसतील अशी. विचारलं, "माझा आवाज मग कधीपासून ऐकला नाहीत?"

केवढ्या मोठ्यांदा बोलले! खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल.

"पाठ आहे मला!"