पानमळ्यातली माघार

९ नोव्हेंबर
आज एडवणला आले. बोईसरच्या कोंदट खोलीपुढे हा स्वर्गच. वाडीतलं घर, मागे पानमळा, पलीकडे सुरूचं बन आणि समुद्र. काम आत्मारामबाबांना सांभाळायचं. वय चौऱ्याऐंशी, पण दाढी अजून स्वतः करतात. त्यांची मुलगी मंदाताई सगळं समजावून विरारला परतली. बाबा लढाईच्या गोष्टी सांगतील, ऐकून घे, म्हणाली. मला बरंच आहे. नवरा गेल्यापासून मी एकटीच जेवते.

११ नोव्हेंबर
जेवताना बाबांनी बासष्टची गोष्ट सांगितली. बर्फातली चौकी, मूठभर जवान, समोर डोंगर भरून शत्रू. मागे हटून खालच्या पुलाशी जमा, असा हुकूम आला. मागून येणाऱ्यांना गोळा करायला बाबांना आधीच पुलाशी धाडलं. ते थांबले. कुणीच आलं नाही.
"मी अजून तिथंच हाय," म्हणाले, आणि ताट सरकवलं.

१४ नोव्हेंबर
भर दुपारी सुरूच्या बनात माणसं उभी. अंगात जाड कोट, आमच्याकडे पाठ. सहलीला आलेली असतील, असं वाटलं. बाबांना सांगितलं तर त्यांचे डोळे भरले. माझी पोरं आली, म्हणाले.

१६ नोव्हेंबर
मळ्यातली पानं काळी पडलीत, हिमानं जाळल्यासारखी. शेजारचे रामूकाका येऊन बघून गेले. असं कधी झालं नव्हतं, म्हणाले. त्यांना माणसं दिसली नाहीत. मला दिसतात. आता मळ्यात आहेत. तोंड समुद्राकडे, आणि उलट्या पावलांनी घराकडे येताहेत.

१७ नोव्हेंबर
मंदाताईला फोन केला. उद्या संध्याकाळी येते म्हणाली. मी निघून जाऊ शकते. पण बाबांना एकटं टाकून —

१८, सकाळ
अंगणात आलेत. उन्हातही कोटांवरचा बर्फ वितळत नाही. बाबांना विचारलं, आपल्याकडेच यायचंय तर तोंड तिकडे का?
"ते येत नाय, पोरी. हटतायत."
कशापासून, विचारलं तर त्यांनी समुद्राकडे बोट दाखवलं. मी बनापलीकडे पाहिलं. सगळा किनारा काळा. हलणारा.

दुपार
बाबा गेले. खुर्चीत, शांत. फोन लागत नाही.
अंगणात एक माणूस वाढला. गुळगुळीत दाढी केलेला. फक्त त्यानंच मान वळवली —
"मागं जागा नाय, पोरी. आमच्यात ये."

रांगेत एक जागा मोकळी. ते सरकून देताहेत — कुणी मला जागा करून दिल्याला किती —
सुरूची झाडं मोडताहेत. एकामागून एक.
मळाही —
उभी राहिले. दोन्हीकडचे खांदे गार, पण खांदे आहेत. समोरून ते