हळदीची चाल

२२ फेब्रुवारी, रविवार

चोरी! भरमांडवात, स्पीकर लावून चोरी!

पोशीरला मामांच्या शेजारी हळद होती. जेवायला बसतोय, तोच सुनीलच्या बेंजो पार्टीने माझी चाल सुरू केली. माझी! या सीझनसाठी बसवलेली. आमच्या शेलूच्या पार्टीने अजून कुठेच वाजवली नव्हती. मग त्याला मिळाली कशी? वर सगळा मांडव नाचतोय. आमची रोहिणी — सख्खी बहीण — तीही! "दादा, काय वाजवतोय रं!" ताट तसंच टाकून उठलो.

२३ फेब्रुवारी

सुनीलने चाल इंटरनेटवर टाकली. खाली लिहिलंय — 'आमची नवीन चाल'. आमची? थांब, कोर्टच दाखवतो.

२५ फेब्रुवारी

कर्जतला ललिताताई वकिलांकडे गेलो. आधी पोटभर हसल्या. "किशोर, इतकी वर्षं वरातीत सिनेमाची गाणी वाजवतोस, कुणाची परवानगी काढलीस?"

मग नीट समजावलं. हळदीत, वरातीत कुणाचीही चाल वाजवली तरी कॉपीराइटचा भंग होत नाही. लग्नकार्याला कायद्याने तेवढी सूट दिली आहे. म्हणजे मांडवातून सुटला! पण न विचारता इंटरनेटवर टाकली, तीही स्वतःच्या नावाने — तो मात्र भंग. तिथे सापडला बेटा!

चाल कुठे नोंदवलेली नसली तरी हक्क माझाच म्हणे. फक्त आधी मी केली, याचा पुरावा हवा. आहे ना! बसवली त्याच दिवशी रोहिणीने मोबाईलवर रेकॉर्ड केली होती.

२६ फेब्रुवारी

रोहिणी मोबाईल देत नाही. सकाळी चार्जिंग नव्हतं, दुपारी पासवर्ड आठवेना. "नोटीस नको ना पाठवू, दादा. गरीब हाय तो." गरीब? माझ्यापेक्षा भारी कीबोर्ड आहे त्याच्याकडे! आणि हिला एवढा पुळका कशाला?

२७ फेब्रुवारी

नोटीस जायच्या आतच सुनीलने खालची ओळ बदलली. आता लिहिलंय — 'चाल : किशोरदादा, शेलू. चूक झाली.' दादा कसला? माझ्याच वर्गात होता की!

परत ऐकली. खरं सांगायचं तर शेवटी सूर एकदम वर नेत त्याने जी उठावणी घेतली आहे, ती मला सुचली नव्हती. हे कुणाला सांगणार नाही.

१ मार्च, रविवार

सुनील आईवडलांना घेऊन घरी आला. माफी मागायला असेल म्हणून मी ताठ बसलो. ते रोहिणीला मागणी घालायला आले होते! चाल तिनेच पाठवलेली. "वाजव, आपलीच हाय," म्हणाली होती त्याला.

मेमध्ये हळद. वाजवणार मी. चाल परत मिळाली, पण बहीण घेऊन चालला — आणि याला कुठल्याच कायद्यात नोटीस नाही! डोळे भरून आले. शेवटची उठावणी त्याच्यासारखीच घेईन म्हणतो.