गॉगलवाल्या फोटोतून आईचा आवाज

मंगळवार, संध्याकाळ. काटेवाडी.

आमच्या घरात फोन एकच, आईचा. कॉलेजच्या ग्रुपवर मात्र तो माझाच म्हणून चालतो. डीपीला माझा गॉगलवाला फोटो. गॉगलही मैत्रिणीचा.

आज म्हैस व्यायली. आईनं आनंदाच्या भरात व्हॉइस मेसेज केला, भावकीच्या ग्रुपवर समजून, आणि तो गेला आमच्या वर्गाच्या ग्रुपवर. गॉगलवाल्या फोटोशेजारी आईचा आवाज: "म्हस व्याली बरं का. चीक हाय भरपूर. सकाळच्याला भांडी घिऊन या समद्यांनी."

मी बारामतीहून घरी पोचले तोवर सगळ्यांनी ऐकलं होतं. आता डिलीट करून काय उपयोग? उद्या वर्गात कोणत्या तोंडानं जाऊ? भीत भीत उत्तरं उघडली. हसले होतेच. पण निम्मे पत्ता विचारत होते, आणि आमच्या सरांनी लिहिलं होतं, "किती वाजता यायचं?"

आई म्हणाली, "सातला या म्हणावं. पर घर कसं घावंल त्यास्नी?"

मग मी डीपीचा गॉगलवाला फोटो हटवला आणि गोठ्याच्या दारात उभ्या असलेल्या आईचा टाकला. घर ओळखायला बरं पडेल, असं तिला सांगितलं.