निळी केबल

४ नोव्हेंबर

येडशी स्टेशन. शाळेत असताना रामलिंगच्या सहलीहून परत निघालो होतो. एक मालगाडी आमच्यापुढं येऊन थांबली. वर्गातल्या सगळ्या मुली इंजिन बघायला धावल्या. दीपमाला मात्र पेरू खात, उकिडवी बसून, दोन डब्यांमधली जोडणी न्याहाळत होती. फ्रॉक मळेल म्हणून सिस्टर रागावल्या. उरलेला पेरू तिनं माझ्या हातात कोंबला.

आज दिवसभर तेच डोळ्यांपुढं. इथं उमरग्यात, तिच्या भावाच्या, उमाशंकरच्या घरी, ती खाटेवर आहे. आता घरीच ठेवा, असं डॉक्टरांनी उमाशंकरला सांगितलंय.

५ नोव्हेंबर

तिचं काम मला समजलं तसं लिहून ठेवते. देशोदेशीची माणसं मिळून एक ऑपरेटिंग सिस्टीम चालवतात — फुकट, कुणीही उघडून बघावी अशी. जुन्या लॅपटॉपवर यूएसबी पूर्ण वेगानं चालावं म्हणून दीपमालानं त्या सिस्टीमसाठी ड्रायव्हर, म्हणजे जोडलेली वस्तू ओळखून चालवणारा कोड, लिहिला. बंगळूरची नोकरी सांभाळून, कित्येक वर्षं खपून. या महिन्यात तो चाचणीत टिकला नाही तर काढून टाकणार, असं तिकडून कळवलंय. तसला जुना लॅपटॉप माझ्याकडं आहे. तिला बसवत नाही.

"तू तपास," म्हणाली. "वाईट दिसलं तर वाईटच सांग. मला बरं वाटावं म्हणून बोलायचं न्हाय."

हार्ड डिस्क आणि निळी केबल तिनंच दिली.

७ नोव्हेंबर

मोठी फाईल लावली. आधी सुसाट — मग मधेच डिस्क गायब! पुन्हा तेच. वेग कमी ठेवला की फाईल पूर्ण जाते.

तिला सांगितलं. कोड दुरुस्त करायचा म्हणाली.

१० नोव्हेंबर

ती पडल्या पडल्या सांगते, मी टाइप करते. तिची भावजय गौराबाई पेज घेऊन उभी. "वन्सं, त्या डबड्यात जीव अडकलाय व्हय तुमचा? दोन घोट घ्या की."

"माझा जीव मोकळा आहे, वहिनी. तिथं डिस्क अडकलीय."

तिघी हसलो. मग तिला ढास लागली ती थांबेना.

१२ नोव्हेंबर

पुन्हा तुटलं.

१५ नोव्हेंबर

केबल बदलून बघू का, विचारलं. चिडली. "बंगळूरला सगळ्या चाचण्या मी हिच्यावरच केल्या. केबलला नावं ठेवू नको. चूक माझी आहे."

मग केबल बदलली नाही. तिनं चांगला लिहिलेला भाग माझ्याकडून पुसून घेतला. नवा सांगता सांगता डोळा लागला.

१८ नोव्हेंबर

सकाळी गेली. काल म्हणाली होती, "जमलं नाही गं मला."

२४ नोव्हेंबर

अर्धवट बदललेला कोड चालूच होईना, म्हणून तिचा पहिलाच परत घातला. उमाशंकर त्याची काळी केबल घेऊन आला — डिस्कवरचे ताईचे फोटो हवे होते. एवढा मोठा ढीग, एका दमात उतरला. पूर्ण वेगानं.

तो गेल्यावर निळी लावली. तुटलं. काळी लावली — शेवटपर्यंत! निळीच मधे कधीतरी खराब झाली असणार.

२५ नोव्हेंबर

सिस्टीमवाल्यांना अहवाल पाठवला. पहिला कोड, तिच्याच नावानं.

मी गेल्यावर कुणाला काय, तेही लिहून ठेवते — डिस्क उमाशंकरला. लॅपटॉप आणि काळी केबल, हे काम पुढं तपासायला जो कुणी मागेल त्याला. गौराबाईला सांगायचं, वन्संचं पहिल्यापासून बरोबर होतं. निळी केबल कुणाला द्यायची नाही. ती माझ्याबरोबर ठेवा.